फोटोतला माणूस ओळखीचा निघाला तर

एका वाचक मैत्रिणीचं लांबलचक पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्यातला पेच इथे मांडते.

त्या वन्यजीव अभ्यासक आहेत, तिशीच्या आतबाहेरच्या. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गोंड गावात संस्थेतर्फे राहून काम करतात. गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे आपलं जंगल वापरण्याचे आणि राखण्याचे कायदेशीर हक्क, मिळाले आहेत आणि ग्रामसभा आपल्या जंगलाचा व्यवस्थापन आराखडा तयार करते आहे. त्यासाठी कोणते प्राणी कुठे वावरतात, हे कॅमेरे लावून शोधायचं काम यांच्याकडे आहे. यंदा एका कॅमेऱ्यात वाघीण आणि तिची पिल्लं आली. गावात आनंदही झाला आणि भीतीही पसरली. त्यानंतर काही रात्रींनी त्याच वाटेवर एक तरुण दिसला. खांद्यावर तारेचं वेटोळं, काखेत खुंट्या. तो शेजारच्याच घरातला, आणि त्याच्या आईच्या हातचं या अनेकदा जेवल्या आहेत. धान भरात आलं आहे, रानडुकरं बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, शिरतात, आणि करंट लावून डुकरं मारण्याचे प्रकार आसपास होतात हे त्यांना माहीत आहे.

त्यांनी ग्रामसभेतल्या दोन ज्येष्ठांना फोटो दाखवला. ‘आम्ही बघून घेऊ, बाहेर बोलू नका,’ असं उत्तर मिळालं. संस्थेचे वरिष्ठ म्हणतात, फोटो सरळ वनविभागाला द्या. पीएच.डी.चे मार्गदर्शक म्हणतात, माणसांचे फोटो काढून टाक, यात पडू नकोस, विश्लेषण पुढे ने. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, ‘मी प्राण्यांच्या बाजूने उभी राहू की गावाच्या? लोकांच्या सोबतीने जंगल राखता येतं या विश्वासावर इथे आले. आता ती कल्पनाच भाबडी वाटायला लागली आहे. सोडून जावं का?’

प्रिय मैत्रीण,

तुमच्या मोठ्या प्रश्नाकडे येण्याआधी एक तातडीचं बोलू. ती तार आजही रात्री लागते का? पत्रात याचा उल्लेख नाही, आणि बाकी सगळं यानंतर येतं.

वीजवाहिनीवर आकडा टाकून जमिनीलगत ओढलेली तार डुक्कर, वाघ, माणूस यांत फरक करत नाही. विदर्भात अशा तारांनी वाघ मेले आहेत, गुरं मेली आहेत, पहाटे शेताकडे निघालेली माणसं मेली आहेत. लावणारा स्वतःही त्यात सापडतो. म्हणून हे वाचाल त्याच दिवशी त्या दोन ज्येष्ठांकडे पुन्हा जा आणि फोटोचा विषय न काढता एवढंच विचारा, तार निघाली का, आणि ती निघालेली कोणी डोळ्यांनी पाहिली? तुम्ही स्वतः किंवा दुसरं कोणी रात्री एकट्याने पाहायला जाऊ नका. उत्तर गुळमुळीत आलं, तर महावितरणच्या स्थानिक कार्यालयाला आणि वनविभागाला धोक्याची जागा कळवा, आणि कळवणार आहात हे आधी ग्रामसभेला तोंडावर सांगा. इथे ‘बघून घेऊ’ला मुदत आहे आणि ती संध्याकाळपर्यंतचीच आहे. कोणाचं नाव सांगणं आणि जिवंत तारेची जागा सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी थांबवायचा अधिकार कोणालाच नाही.

आता तुमचा प्रश्न. ‘प्राण्यांच्या बाजूने की गावाच्या’ असं तुम्ही लिहिलंत, त्यात प्राण्यांची बाजू वनविभागाकडे आणि माणसांची ग्रामसभेकडे, अशी वाटणी गृहीत धरली आहे. ज्या कायद्याच्या आधारावर तुम्ही त्या गावात आहात, तो ही वाटणी मानत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ५ पुन्हा वाचा. वन्यजीव, जंगल आणि जैवविविधता यांचं रक्षण करण्याचा अधिकार ते हक्कधारकांना आणि ग्रामसभेला देतं, आणि त्यांना अपाय करणाऱ्या गोष्टी थांबवण्याबाबत ग्रामसभेने घेतलेले निर्णय पाळले जातील हे पाहण्याचंही काम तिच्याकडेच सोपवतं. त्याच कायद्याचं कलम ३ पारंपरिक हक्कांची यादी देताना शिकार आणि सापळा लावून प्राणी पकडणं स्पष्टपणे वगळतं. म्हणजे वाघिणीची बाजू घेणं हे त्या ग्रामसभेचंच काम आहे. तुम्ही तिच्यासमोर हा विषय ठेवलात तर गावाच्या विरोधात जात नाही. तिला तिच्या वनहक्कासोबत आलेल्या जबाबदारीची आठवण देता.

पण ही आठवण द्यायची ती ग्रामसभेला. दोन ज्येष्ठ म्हणजे ग्रामसभा नव्हे. तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकलं ते हे, की ‘गाव म्हणतं’ असा शब्दप्रयोग सतत येतो आणि बोललेली माणसं मात्र दोनच आहेत, दोन्ही पुरुष, दोन्ही वजनदार. उन्हाळ्यात पहाटेच्या अंधारात मोहफूल वेचायला कोण जातं? सरपणाला कोण जातं? गुरांमागे कोणाची पोरं जातात? तारेची भीती या सगळ्यांना आहे, वाघिणीचीही आहे, आणि त्यांचं मत अजून कोणी विचारलेलं दिसत नाही. ज्याच्याकडे जंगलालगत दोन बांध्या आहेत त्याचं डुकरांबद्दलचं म्हणणं वेगळं असेल, आणि ज्याच्याकडे शेतीच नाही, जो तेंदू आणि बांबूच्या मजुरीवर वर्ष काढतो, त्याचं वेगळं. बायकांच्या बचतगटाच्या बैठकीला जाऊन बसा. फोटो दाखवू नका, नाव घेऊ नका. जंगलात कुठे जायला भीती वाटते एवढंच विचारा. उत्तरांतून तुमच्या कॅमेऱ्यांपेक्षा चांगला नकाशा तयार होईल, असा माझा अंदाज आहे.

त्या तरुणाबद्दल तुमच्या मनात दोन चित्रं भांडताहेत. एकात तो शिकारी, दुसऱ्यात आईचा गरीब मुलगा. फोटो यातलं काहीच सांगत नाही. तार खांद्यावर होती, एवढंच तो सांगतो. पीक राखायला करंट लावणारा शेतकरी, डुकराचं मटण विकून चार पैसे करणारा माणूस, आणि वाघाच्या कातडीसाठी बाहेरून येणाऱ्या टोळीला वाट दाखवणारा, हे तिघंही १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली अडकतात, पण तिघांना थांबवायचे मार्ग वेगळे आहेत. पहिल्याला कुंपण आणि वेळेत मिळालेली भरपाई थांबवू शकते. दुसऱ्याला गावातला दंड आणि शेजाऱ्यांची नजर. तिसऱ्याचा मामला गावाच्या आवाक्यातला नाही. तिथे वनविभाग आणि पोलीस हवेतच, आणि तशी शंका येण्यासारखं काही दिसलं, म्हणजे अनोळखी माणसं, जबड्याचे लोखंडी सापळे, वाघाच्याच वाटेवर पुन्हा पुन्हा लावलेले फासे, तर ग्रामसभेच्या पुढच्या बैठकीची वाट पाहत बसू नका.

आता तुमच्यापुढचे तीन रस्ते.

मार्गदर्शक सांगतात तो रस्ता, फोटो काढून टाकण्याचा, मी सरळ बाजूला ठेवते. संशोधनातून माणसांचे फोटो वगळणं ही चांगली पद्धत आहे, पण ती आधी ठरवून, सगळ्यांसाठी सारखी वापरली तर. एक फोटो अडचणीचा निघाला म्हणून तेवढाच पुसणं म्हणजे पुरावा नष्ट करणं. उद्या वाघीण मेलेली सापडली, तर तुम्ही, संस्था आणि ग्रामसभा तिघांचंही तोंड बंद होईल. कॅमेऱ्याचं मूळ मेमरी कार्ड जसंच्या तसं ठेवा. कॅमेरे लावायला मिळालेल्या परवानगीपत्रातल्या अटी काढून वाचा. माहिती वनविभागाला सादर करायची असं त्यात लिहिलं असेल, तर ते तुमच्यावर बंधनकारक आहे आणि ग्रामसभेपासूनही ते लपवता येणार नाही. संस्थेला वनहक्क आणि वन्यजीव या दोन्ही कायद्यांची माहिती असलेल्या वकिलाचा सल्ला घ्यायला लावा. हा खर्च संस्थेचा आहे, तो तुमच्या डोक्यावर घेऊ नका.

संस्थेचा रस्ता, म्हणजे गावाला न सांगता फोटो थेट वनविभागाला देणं, हा कायद्याला धरून आहे. त्याला मी चूक म्हणणार नाही. वनविभागाचे सगळे लोक गावाचे वैरी आहेत असंही मी मानत नाही. पिल्लं असलेल्या वाघिणीच्या वाटेवर रात्री गस्त घालणारे वनरक्षक जीव मुठीत धरूनच फिरत असतात. पण त्याचा परिणाम समजून घ्या. अटक झाली, तर कॅमेरा हा पाळतीचा डोळा आहे हे आसपासच्या गावांना कायमचं पटेल. ही भीती निराधार नाही. उत्तराखंडातल्या कॉर्बेट व्याघ्रप्रकल्पाच्या परिसरावरचा केंब्रिज विद्यापीठातला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांचा आणि ड्रोनचा वापर तिथे बायकांवर नजर ठेवायला आणि त्यांना धाक दाखवायला झाल्याचं त्यात समोर आलं. जंगल ही ज्यांची मोकळं बोलण्याची, गाणी म्हणण्याची जागा होती, त्या बायका कॅमेऱ्यासमोर गप्प झाल्या, वाटा बदलू लागल्या. वाट बदलली की अनोळखी भागात, वाघाच्या जास्त जवळ जाण्याची वेळ येते. आपल्या उपकरणामुळे हे होऊ शकतं, याचं भान प्रत्येक अभ्यासकाला हवं.

तिसरा रस्ता लांबचा आहे, पण मला तोच पटतो. पूर्ण ग्रामसभा बोलवायला सांगा, बायकांची हजेरी असेल अशा वेळी. तिथे नाव आणि चेहरा न दाखवता मांडा, की आपल्या जंगलात करंट लावण्याच्या तयारीचा पुरावा कॅमेऱ्यात आला आहे, वाघीण पिल्लांसह त्याच वाटेने फिरते आहे, आणि कलम ५ प्रमाणे हे थांबवणं या सभेकडे आहे. मग तुम्ही बोलणं थांबवा. सभेला ठराव करू द्या, आणि तो वहीत लिहिला गेला पाहिजे. तार कोण तपासणार, कधीपर्यंत, पुन्हा कोणी लावली तर काय, आणि ग्रामसभा वनविभागाला स्वतः काय कळवणार. वनहक्काच्या नियमांप्रमाणे वन्यजीव आणि जंगलाच्या रक्षणासाठी ग्रामसभेने समिती नेमायची असते. तुमच्या गावात ती कागदावरच असेल तर तिला कामाला लावायची हीच वेळ आहे. आणि सभेला आधीच सांगा, की ठरावावर हालचाल झाली नाही किंवा प्राणी मेला, तर मला माहिती द्यावीच लागेल. ही धमकी वाटू नये अशा बेताने, पण शब्द न गिळता. तुमच्यावर त्यांचा विश्वास बसायचा असेल तर तुम्ही काय करणार नाही आणि काय करणार, या दोन्ही गोष्टी त्यांना आधीच माहीत असायला हव्यात.

सभा चुकीचा निर्णय घेऊ शकते. वजनदार माणसं विषय दाबू शकतात. तसं झालं तर मनावर दगड ठेवून तुम्ही सभेला आधी सांगितलेलं करायचं, म्हणजे माहिती द्यायची, आणि गावातलं तुमचं काम त्यात संपू शकतं, हे मी लपवत नाही.

भाबडेपणाबद्दल लिहिलंत. गावं आपोआप जंगल राखतात असं मानणं भाबडं आहेच. पण गाव राखू शकत नाही हा निष्कर्षही एका फोटोवरून काढता येत नाही. नागालँडमध्ये वोखा जिल्ह्यात दोयांग जलाशयाकाठी २०१२ साली अमूर ससाण्यांची जी कत्तल उघडकीला आली, तिची छायाचित्रं तुम्ही पाहिली असतील. सैबेरिया-मंगोलियाकडून आफ्रिकेकडे निघालेले हे पक्षी मासेमारीच्या जाळ्यांत हजारोंनी पकडले जात होते. धरणात शेतजमिनी बुडालेल्या माणसांना त्या हंगामात हाती पैसा देणारा तोच धंदा होता. तिथली बहुतेक जमीन समाजाच्या मालकीची, त्यामुळे नुसत्या सरकारी बंदीने काही हललं नसतं. अभ्यासकांनी छायाचित्रं जगापुढे आणली खरी, पण त्यानंतर ते गावांत जाऊन बसले, ग्रामपरिषदांशी बोलले, चर्चची मदत घेतली. पांगती आणि शेजारच्या गावांनी स्वतः बंदी घातली, दंड ठरवले, आणि २०१३ च्या हंगामात ती कत्तल थांबली. त्या नोव्हेंबरात तीन ससाण्यांना उपग्रह-यंत्रं बसवली, त्यांची नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. आदल्या वर्षी ज्या गावाचं नाव शरमेने घेतलं जात होतं, तेच नाव घेऊन पक्षी आफ्रिकेला गेला. पण यासाठी पक्षी पकडणाऱ्यांनी मोठी कमाई सोडली होती, आणि तिची भरपाई कशी करायची हा प्रश्न तिथेही एका वर्षात सुटला नव्हता. तुमच्या गावातही तो येणार.

जवळचं उदाहरण तर तुमच्या जिल्ह्याच्या वेशीवर आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे १००० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाले. बांबूतून उत्पन्न सुरू झाल्यावर त्यांनी तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं, कारण त्यासाठी फांद्या छाटाव्या लागतात आणि जंगलात आगी लावल्या जातात. तेंदूची फळं माणसांना आणि पाखरांना राहिली. हातचा पैसा सोडायचा हा निर्णय कोणा तज्ज्ञाने त्यांच्यावर लादलेला नव्हता. आणि गडचिरोलीतलंच मेंढा-लेखा हे गाव तर तुम्हाला माझ्यापेक्षा जवळून माहीत असेल. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवरचा हक्क मिळण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे अभ्यासगट चालत. गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून विषय समजून घेत, निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीने घेई. तुमची जागा त्या अभ्यासगटात आहे. न्यायाधीशाची खुर्ची तुम्हाला कोणी दिलेली नाही, आणि मूक साक्षीदार म्हणूनही कोणी बोलावलेलं नाही.

ज्यांनी अजून कॅमेरे लावलेले नाहीत अशा अभ्यासकांना, विशेषतः शहरातून येणाऱ्यांना, एक आग्रहाने सांगते. माणसांचे फोटो येणारच आहेत, तेव्हा त्यांचं काय करायचं हे पहिला कॅमेरा लावण्याआधी ग्रामसभेत ठरवा, आणि ते गोंडी किंवा माडियात समजावून सांगणारं माणूस सोबत ठेवा. कार्डं कोण उघडणार, गावातलं कोण सोबत बसणार, माणसांचे फोटो सगळेच वगळायचे की ठेवायचे, शिकारीची खूण दिसली तर आधी कोणाला आणि किती तासांत सांगायचं, वाघिणीची गुहा किंवा गिधाडांची घरटी यांची नेमकी जागा कोणत्या कागदावर कधीच लिहायची नाही, शोधनिबंधात गावाचं नाव येणार का. हे लिहून घ्या आणि वनविभागालाही त्याची प्रत द्या. गावातल्या मुलामुलींना कॅमेरे लावायला आणि फोटो ओळखायला शिकवा, त्याची रीतसर मजुरी द्या. आपल्या जंगलात काय आहे हे त्यांनी स्वतः पाहिलं, की ‘मॅडमचे कॅमेरे’ हा शब्द हळूहळू मागे पडतो. तुमच्या बाबतीत ही बोलणी मागून होताहेत म्हणून अवघड आहेत, अशक्य नाहीत.

मार्गदर्शकांची घाई मी समजू शकते. शिष्यवृत्तीला मुदत असते. पण प्राण्यांच्या वावराबद्दल लिहिताना तारा, फासे आणि पिकाचं नुकसान यांना जागा नसेल, तर तो अभ्यास गडचिरोलीचा राहणारच नाही. त्यांना हे पटवून बघा.

सोडून जायचं का? मी आज जा म्हणणार नाही आणि राहाच असंही म्हणणार नाही. एवढंच, की सभेच्या आधी जाऊ नका. आधी गेलात तर फोटो कोणाच्या तरी कपाटात जाईल आणि तार कदाचित तिथेच राहील. सभेनंतर, धान कापून झाल्यावर, शांतपणे ठरवा. तोवर एकट्याने वाहू नका. संस्थेत एखाद्या सहकाऱ्याला गावात येऊन काही दिवस तुमच्यासोबत राहायला सांगा, आणि सभेच्या दिवशी ते तिथे असू देत. धमकी आली, अगदी गमतीत म्हणून आली तरी, ती लिहून ठेवा आणि संस्थेला कळवा.

आणि त्या घरी जेवायला जाणं बंद करू नका. फोटोबद्दल चौकशी करायला म्हणून मात्र जाऊ नका. यंदा डुकरांनी किती धान खाल्लं, बांधीला रात्रीचा पहारा कोण देतो, गेल्या वर्षी नुकसानीचा अर्ज केला होता का, हे विचारा. बहुतेक घरांत केलेला नसतो, किंवा कागद अपुरे म्हणून परत आलेला असतो. सातबारा नसेल तर वनहक्काच्या पट्ट्याची प्रत लावून अर्ज घेतील का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात तुम्ही स्वतः जाऊन विचारा. नुकसान झाल्यावर कळवायला दिवस थोडे असतात, तेव्हा पंचनाम्यासाठी लगेच फोन करायला घरच्यांना सांगा. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला मदत मिळते. त्याचा झटका थांबून थांबून बसतो, त्याने जनावर पळतं, मरत नाही. तुमचं गाव त्या योजनेत बसतं का ते बघा, बसत नसेल तर ग्रामसभेच्या बांबूच्या उत्पन्नातून जंगलाला लागून असलेल्या बांध्यांना एकत्र कुंपण घालायचा प्रस्ताव त्याच सभेत, तारेच्या ठरावाला जोडूनच मांडा. त्या घरची बांधी त्या यादीत पहिली घ्यायला सांगा.